नव्या काचेचा वास

समज, तू एका काचेसमोर उभा आहेस. किंवा उभी आहेस, ते तुझं तू ठरव. काच इतकी स्वच्छ आहे, की ती आहे हे फक्त कडेच्या लाकडी पट्टीवरून कळतं. आता नाक लागेल इतकं जवळ ये आणि हळूच श्वास सोड. एक पांढरा गोल उमटेल, पलीकडचं जग त्यात बुडेल, मग गोल कडेकडून आक्रसत जाईल आणि जग जसंच्या तसं परत येईल. घाई करू नकोस. पुन्हा एकदा कर. हं. आता त्या गोलाच्या मागे एक मुलगी आहे असं समज. यंदाच नववीत गेलेली, काच बसवणाऱ्याची मुलगी. तिचे बाबा तिला उस्ताद म्हणतात, कारण अगदी लहान असल्यापासून ती त्यांच्याबरोबर कामावर जाते, मापं धरते आणि चूक झाली तर तोंडावर सांगते. शाळेतही ते नाव कसं कुणास ठाऊक पोचलं आणि चिकटलं. आपणही तिला उस्तादच म्हणू. तिच्या डोक्यात शिरायचं आहे आपल्याला, तेव्हा पाय न वाजवता ये.

मधली सुट्टी संपली होती आणि उस्ताद नळापाशी तोंड धूत उभी होती. शाळेच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एक दार आहे, वरच्या अर्ध्या भागात काच असलेलं, खांद्यानं ढकललं की दोन्हीकडे उघडणारं. त्या दाराकडे जिराफ चालली होती. जिराफ म्हणजे उस्तादची मैत्रीण, वर्गात सगळ्यात उंच, म्हणून जिराफ. तिच्या हातात भूगोलाच्या तासासाठी नेलेला पृथ्वीचा गोल होता, पोटाशी धरलेला. दारापाशी आल्यावर ती थांबली. खांदा लावला नाही. भिंतीच्या बाजूला एक पाऊल सरकली, मान तिरकी करून काचेच्या अगदी कडेतून पलीकडे कुणी आहे का ते पाहिलं, आणि मग लांबूनच पायानं दार ढकलून, अंग चोरून, पलीकडे गेली. एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण उस्तादला जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटावं आणि आणखी एक निघावी, तसं झालं. कारण हे थांबणं, ही तिरकी मान, हे अंग चोरणं तिनं आधी पाहिलं होतं. कुठं पाहिलं होतं ते मात्र आठवेना. नळ तसाच वाहत राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए उस्ताद, आंघोळ करतेस का?" तेव्हा तिनं तो बंद केला.

वर्गात बसल्यावरही ती तिरकी मान डोळ्यांपुढून जाईना. बाकावर शेजारची जागा रिकामी होती. ती दाराच्या त्या प्रकारापासून रिकामी होती. जिराफ आता खिडकीशी, गणितात हुशार असलेल्या एका मुलीजवळ बसते. प्रकार काय झाला तो सांगतो, पण तो उस्तादला जसा आठवतो तसा, म्हणजे तुटक तुटक, पाण्याखालून पाहावं तसा. रिले शर्यतीच्या जोड्या लावत होते. जिराफनं दुसऱ्या मुलीचं नाव सांगितलं. हसत सांगितलं. उस्तादला ते हसणं अजून ऐकू येतं, आणि खरं तर त्यात काही वाईट नव्हतं. मग व्हरांडा. पुढे चालत जाणारी जिराफ, दारापलीकडे गेलेली जिराफ, वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलेली जिराफ, आणि मध्ये काच. मग उस्तादचा हात. हात तिचाच होता, पण तो निघाला कधी हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तळवा काचेवर बसला. आवाजाआधी एक शांतता झाली, फार सुंदर म्हणावी अशी, आणि तिच्यात सगळी काच पांढरी झाली. मग ती खाली आली, एखादं भरलेलं भांडं कलंडावं तशी. जिराफच्या केसांत एक तुकडा अडकून चमकत होता, पावसाच्या थेंबासारखा. तिला कुठं लागलं नाही. उस्तादच्या हातालाही नुसता ओरखडा आला. काच गेली होती तरी जिराफचा चेहरा काचेमागे असावा तसाच, न हलणारा, दूरचा राहिला होता. आणि उस्तादच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? भीती नाही, पश्चात्ताप नाही. तिच्या मनात माप आलं. रुंदी एवढी, उंची एवढी, जाडी साधी. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

आणि झालीही. बाबा आले आणि फक्त म्हणाले, "काय उस्ताद, माप?" तिनं सांगितलं. दोघांनी मिळून पट्ट्या काढल्या, खाचेतली जुनी वाळलेली लांबी खरवडली. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला गोळा, काच तिच्यात बसवतात. बाबांनी हिरकणी काढली, म्हणजे टोकाला हिऱ्याचा कण असलेलं काच कापायचं हत्यार, पट्टी धरून एकच रेघ ओढली आणि खालून बोटानं टिचकी मारली. काच सांगितलेल्या जागी दुभंगली. जमलेल्या पोरांनी "वा!" केलं. आधीची काच जरा लहरी होती, तिच्यातून पाहिलं की व्हरांडा डुलायचा. ही सरळ होती. मुख्याध्यापक येऊन पाहून गेले आणि वर्गात म्हणाले, "बघा, चूक झाली, पण मुलीनं स्वतः निस्तरली. याला म्हणतात जबाबदारी." उस्तादला ते फार पटलं. काम पुरं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाकावर जिराफसाठी नेहमीसारखी जागा ठेवली, दप्तर मधोमध न ठेवता कडेला घेतलं. जिराफ आली, क्षणभर बाकाकडे पाहिलं आणि पुढे गेली. तेव्हापासून उस्ताद रोज दप्तर कडेला घेते. तिला खरोखर कळत नव्हतं की आता राहिलंय काय. काच तर बसली.

आता तू म्हणशील, इतकी मोठी मुलगी आणि इतकं साधं कळू नये? पण तिच्या घरी चल म्हणजे कळेल. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या दाराला काच. ती काच उस्तादच्या जन्माआधीपासून अधूनमधून नवी होत आली आहे. कधी वर्षातून एकदा, कधी जास्त. रात्री काय व्हायचं ते तिला फारसं आठवत नाही, कारण त्या वेळी ती टेबलाखाली असायची, आणि टेबलाखालून दिसतात ते पाय. आईचे पाय, बाबांचे पाय, मग जमिनीवर चमचम. बाबांनी आईला कधी हात लावला नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बाबा ते अभिमानानं सांगतही, "माझा राग काचेवर निघतो, माणसावर नाही." पण सकाळ! सकाळ मात्र तिला कडेकोपऱ्यासकट आठवते. सकाळी बाबा गुणगुणत लांबी मळत असायचे. घरभर जवसाच्या तेलाचा तो गोडसर, जड वास. नव्या काचेवर त्यांच्या अंगठ्यांचे ठसे उठलेले असायचे आणि ते पुसायचं काम उस्तादचं. ती अलीकडून ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसायची, बाबा पलीकडून तोंडं वाकडी करायचे, फुगवलेला गाल काचेला चिकटवायचे, श्वासाचा गोल काढून त्यात डोळे-नाक काढायचे. ती हसून हसून खाली बसायची. त्या सकाळी बाबा कामावर उशिरा जात. त्या सकाळी ते तिची वेणीसुद्धा घालत, वाकडी, काचेच्या पेटीला दोरी बांधावी तशी घट्ट. जगात सगळ्यात मऊ, सगळ्यात सुरक्षित सकाळ कुठली, असं कुणी तिला विचारलं असतं, तर तिनं तीच सांगितली असती. नव्या काचेचा वास आला की तिला अजून झोप येते, आईच्या कुशीत यावी तशी. आणि आई त्या सकाळी कुठं असायची? आई बेकरीत काउंटरवर काम करते, पहाटेच निघून जायची. त्या चित्रात आई नाहीच.

गणिताच्या तासाला बाई काहीतरी लिहीत होत्या आणि उस्ताद उघड्या डोळ्यांनी कुठंतरी तरंगत होती. तिला दिसत होतं, की सगळ्या शहराच्या काचा एकदम पांढऱ्या होऊन खाली आल्या आहेत, दुकानांच्या, बसच्या, दवाखान्याच्या, आणि बाबा आणि ती एका न संपणाऱ्या रस्त्यानं खांद्यावर नव्या काचा घेऊन चालली आहेत. एक एक काच बसवतायत, आणि प्रत्येक काचेमागे कुणीतरी उभं आहे, ज्याचा चेहरा हलत नाही. मग एका काचेमागे आई आली. तिच्या हातात ताटल्या होत्या, एकावर एक ठेवलेल्या, पोटाशी धरलेल्या. ती दारापाशी आली, थांबली, भिंतीकडे एक पाऊल सरकली, मान तिरकी केली. तेव्हा उस्तादला आठवलं. अगदी जागेपणी आठवलं, इतकं की तिच्या हातातली पेन्सिल बाकावर पडून घरंगळत गेली. आई रोज असंच करते. रोज, जेवताना, ताटल्या नेताना, बाबा घरी नसले तरीसुद्धा. ती कधी त्या काचेच्या समोरासमोर उभी राहत नाही. मध्ये एकदा तिनं दाराला पडदा लावला होता, जाडसर. बाबांनी हसत काढून टाकला होता, "इतकी चांगली काच, तिला बुरखा कशाला?" आणि उस्तादही हसली होती. पडदा कशासाठी होता ते आत्ता, इतक्या वर्षांनी, गणिताच्या तासाला तिच्या अंगावर आलं. पेन्सिल उचलायला खाली वाकली तेव्हा तिला बाकाखालचे पाय दिसले, सगळ्या वर्गाचे, आणि क्षणभर पुन्हा वर यावंसं वाटेना.

त्याच आठवड्यात शाळेचं बोलावणं घरी आलं. शाळेत त्या वर्षी मारामाऱ्या वाढल्या होत्या. बसथांब्यावर एकाचं नाक फुटलं होतं. आधी एका अधिकाऱ्यांचं भाषण झालं, त्यांनी सांगितलं की राग आला की दहा आकडे मोजा. मग पोरं मोठ्यांदा दहा मोजायची आणि मग मारायची. शेवटी भूगोलाच्या बाई म्हणाल्या, की नुसत्या मुलांना शिकवून काय होणार, मुलं संध्याकाळी घरी जातात. म्हणून दर गुरुवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग ठरला, मुलांचा आणि घरच्यांचा एकत्र. घरच्यांबरोबर बसचा ड्रायव्हर आणि थांब्यावरचा दुकानदारही, कारण बाई म्हणत, थांब्यावर काय होतं ते आपल्यापेक्षा या दोघांना जास्त दिसतं. येताना वह्या-पुस्तकं नकोत, बाईंनी सांगितलं होतं. घरात राग येण्याच्या जरा आधी जो आवाज होतो, तो घेऊन या.

"आवाज घेऊन या?" बाबा जेवताना म्हणाले. "पिशवीत भरून की डब्यात?" आणि स्वतःच हसले.

"जाऊ या," आई म्हणाली.

"कशाला? त्या दिवशीची काच बसवून दिली की. फुकट दिली. आता कसली मीटिंग?"

"सगळ्यांनाच बोलावलंय बाबा," उस्ताद म्हणाली. आपल्या आवाजात विनवणी आहे हे तिचं तिलाच ऐकू आलं. "जिराफच्या घरचेही येणारेत."

"मग तर गेलंच पाहिजे. जिराफ एवढ्यात आली नाही आपल्याकडे. भांडलात की काय?"

उस्तादनं त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. आई उठली, ताटल्या गोळा केल्या आणि दाराकडे गेली. उस्ताद बघत होती. आई थांबली. एक पाऊल भिंतीकडे. मान. बाबा पाणी पीत होते, त्यांना काही दिसलं नाही. त्यांची पाठ नेहमीच त्या दाराकडे असते.

गुरुवारी शाळेच्या मोठ्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ऊन तिरपं येत होतं आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती, इतकी सावकाश की जणू तिला कुठं जायचंच नव्हतं. मोठी माणसं लहान खुर्च्यांवर बसली की गुडघे वर येतात आणि सगळीच थोडी गरीब दिसायला लागतात. जिराफ समोर बसली होती, तिच्या आईला टेकून. भूगोलाच्या बाई मध्ये उभ्या होत्या. त्या म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांना कमी ऐकू येतं. कानात यंत्र आहे, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून त्या अर्धा वेळ बंदच ठेवतात. "मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आवाजांचा विचार मला तुमच्यापेक्षा जास्त करावा लागतो. आवाज करणारानं आवाज करायचा. आणि घरातल्या बाकीच्यांनी, तो आवाज झाला की आपण घरात कुठं उभे असतो, तिथं जाऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही. आज कुणी कुणाला माफ करायचं नाही, कुणी कुणाला दटावायचं नाही. नुसतं बघायचं."

सुरुवातीला हशाच झाला. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "माझा आवाज म्हणजे इंडिकेटर. टिक टिक टिक. घरी जिभेनं काढतो." त्यानं जिभेनं टिकटिक केलं आणि त्याचा मुलगा पटकन उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, मग त्यानं मुलाकडे आणि मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्या लांब का रे?" मुलगा म्हणाला, "असाच." कुणाची आजी होती, तिनं काही न करता फक्त चष्मा काढून मांडीवर ठेवला, तर तिचे दोन्ही नातू खुर्चीवर ताठ झाले. जिराफच्या आईनं कढईवर झाकण आपटल्यासारखा आवाज तोंडानं काढला, "धडाम!" आणि जिराफ तिच्या आणखी जवळ सरकून म्हणाली, "मी इथंच असते. झाकण घेऊन टाकते हातातून." त्या सहजपणाकडे उस्ताद बघत राहिली, दुसऱ्याच्या घरात जळणारा दिवा रस्त्यावरून बघावा तशी. तिला जिराफ परत हवी होती. हे तिला इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं. बाकावर शेजारी बसणारी, तिचं खोडरबर न विचारता घेणारी, दार खांद्यानं ढकलणारी जिराफ.

"तुमच्याकडे?" बाई बाबांकडे वळल्या.

"आमच्याकडे असं काही नाही बाई," बाबा मोकळेपणानं म्हणाले. "राग येतो, जातो. माणसाला येणारच. पण आवाजबिवाज काही नाही." त्यांनी आईकडे पाहिलं. आई हातांकडे बघत होती. "काय उस्ताद? आहे का काही?"

आहे. उस्तादच्या घशाशी तो आवाज होता. तिला तो तोंडानं काढता आला असता, किती वर्षं ऐकला होता तिनं, टेबलाखाली जाण्याआधी, दर वेळी. तो आवाज आधी पाय ऐकतात, मग कान, तो आला की गुडघे आपोआप वाकतात. पण समोर बाबा होते, नव्या काचेपलीकडून गाल फुगवणारे बाबा, सगळ्यांसमोर लहान खुर्चीवर गुडघे वर करून बसलेले. ती म्हणाली, "नाही."

 बाई तशाच उभ्या राहिल्या, त्यांना घाई नसते. बाबा जरा चुळबुळले. सवयीनं त्यांचा हात खिशात गेला, स्टीलची टेप बाहेर आली, गोल गुंडाळलेली, जिनं ते दिवसभर मापं घेतात. दुसरीकडे बघत, काही न ठरवता, त्यांनी ती वीतभर बाहेर ओढली आणि सोडून दिली. सर्र, टक. पुन्हा ओढली. सर्र, टक.

उस्तादला वाटलं आपण बसूनच आहोत. पण खुर्ची मागे होती आणि ती जमिनीवर होती, एका बाकाच्या आडोशाला, गुडघे पोटाशी घेऊन. आई भिंतीपाशी होती. ती कधी उठली कुणास ठाऊक. भिंतीला चिकटून, मान तिरकी, हात पोटाशी असे धरलेले, जणू त्यांत ताटल्या आहेत. त्या दोघींच्या हलण्यात आवाज असा झालाच नाही. ऊन तसंच होतं, धूळ तशीच तरंगत होती. बाबा बाकी सगळ्यांसारखेच बघत होते. आधी आईकडे, मग खाली, बाकाच्या पायांमधून दिसणाऱ्या आपल्या मुलीकडे, आणि मग, फार उशिरा, आपल्या हातातल्या टेपकडे.

"मला आवाज काही ऐकू आला नाही," भूगोलाच्या बाई हळू म्हणाल्या. "पण तुम्ही दोघी हललात ते दिसलं."

बाबांनी टेप अर्धी बाहेर होती तशीच धरून ठेवली. ती आत जाऊ नये म्हणून अंगठ्यानं घट्ट दाबून धरली, आणि सोडायची कशी हे त्यांना कळेना. अंगठा पांढरा झाला होता. "मला वाटायचं," ते म्हणाले, आणि थांबले. "सकाळी लावून देतो मी काच. दर वेळी. हिला विचारा. मला वाटायचं, लावली की झालं."

बाकाआड उस्तादनं ते ऐकलं. मला वाटायचं, लावली की झालं. शब्द बाबांचे होते, पण आतून कुणीतरी तेच तिच्या आवाजात म्हणत होतं. जिराफचा न हलणारा चेहरा, कडेला घेतलेलं दप्तर, आणि ते माप, काच खाली येता येता मनात आलेलं ते माप. तिला एकदम जवसाच्या तेलाचा वास आला, इथं, जिथं लांबी नव्हतीच. आणि या वेळी झोप आली नाही.

"घरी जाऊन बोलू," बाबा आईला म्हणाले, अगदी खालच्या आवाजात.

"नाही," आई म्हणाली. ती भिंतीपाशीच उभी होती. "इथं बोलू. घरी ते दार आहे."

"मग काय करू म्हणतेस?"

"त्या दाराला फळी लाव. लाकडाची."

"अंधार होईल गं आत."

"होऊ दे. मला समोरून जायचंय."

कुणी हसलं नाही. बसचा ड्रायव्हर उठला आणि आईची खुर्ची उचलून, आहे तिथं, भिंतीपाशी नेऊन ठेवली. आई बसली. बाबांनी अखेर दुसऱ्या हातानं टेपचं टोक धरून ती सावकाश आत जाऊ दिली, आवाज न होऊ देता, आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. "पुढच्या गुरुवारी आहे ना हे?" त्यांनी विचारलं. बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यांदा. बाई म्हणाल्या, "आहे. आणि त्याच्या पुढच्याही. एका गुरुवारात काही होत नाही." बाबांनी मान हलवली. ती मान हलवणं खरं ठरेल की नाही हे मला ठाऊक नाही, आणि त्या संध्याकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं, आईला तर नाहीच. ती त्यांच्याकडे बघत होती, इतकंच.

उस्ताद बाकाआडून निघाली ती कुणी हाक मारण्याआधी. गुडघे झटकले नाहीत. व्हरांड्यात संध्याकाळ लांब पडली होती, आणि टोकाच्या दारावर ती नवी काच, तिनं स्वतः माप धरलेली, केशरी होऊन उभी होती. त्या काचेतून व्हरांडा डुलत नव्हता. मागून पावलं आली. जिराफ होती, दप्तर विसरलं म्हणून वर्गाकडे निघालेली. दोघींची नजर भेटली आणि सुटली. जिराफ दाराकडे चालू लागली आणि दारापासून जरा अंतरावर तिचा पाय अडखळला, ती भिंतीकडे सरकू लागली.

"थांब," उस्ताद म्हणाली. जिराफ थांबली, जास्तच थांबली. तिचे खांदे वर आले.

उस्तादला माफी मागायची होती, पण तो शब्द तिला लांबीच्या गोळ्यासारखा वाटला, खाचेत दाबून अंगठ्यानं सारखा करून टाकता येईल असा. तिनं तो तोंडातच ठेवला. ती जिराफच्या समोरून, पण तिच्यापासून लांबून, दारापर्यंत गेली आणि ते खांद्यानं ढकलून पलीकडे गेली. दार मागे झुललं, पुढे झुललं, स्थिर झालं. मग ती वळली. त्या दिवशी जिराफ जिथं उभी होती नेमकी तिथं, काचेसमोर, अगदी समोरासमोर उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. अलीकडे आता जिराफ होती, एकटी, मोकळ्या हातांची, आणि मध्ये काच.

जिराफनं हात उचलला. कशासाठी, ते काचेच्या त्या बाजूनं कळायला मार्ग नव्हता. उस्तादचे गुडघे वाकू पाहत होते, मान तिरकी होऊ पाहत होती, आणि तिला पहिल्यांदाच कळत होतं, की इथं उभं राहणं म्हणजे काय असतं. तिच्या श्वासाचा पांढरा गोल काचेवर उमटला, जिराफ त्यात बुडाली. तो पुसायला तिचा हात शिवशिवला. तिनं तो पाठीमागेच धरून ठेवला, डोळे मिटले नाहीत, आणि गोल आपला आपण विरेपर्यंत हलली नाही.